पानाच्या डब्यातली शिट्टी

पानाचा चपटा पितळी डबा कुठं दिसला की मला आजही चीड येते. एका पावसाळ्यात मी असल्या डब्यापायी इतकी रडकुंडीला आले होते की तो विहिरीत फेकून द्यावा असं रोज वाटायचं.

माझे वडील डहाणूला कचेरीच्या आवारात चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. मराठी, गुजराती आणि आदिवासी पाड्यांवरची बोली त्यांना सारखीच यायची, त्यामुळे पार झरी-तलासरीकडून माणसं त्यांना शोधत यायची. जवळ उकिडवं बसायचं आणि घरातही कुणाला न सांगितलेलं त्यांच्या कानाशी सांगायचं, अशी पद्धत. आणि नेमके बाबांचे कानच गेले. एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं, मी तिथल्याच हायस्कुलात विज्ञान शिकवत होते, आणि तोवर त्यांच्याशी बोलायचं म्हणजे बोंबलावंच लागायला लागलं होतं.

आता मला सांगा, भावानं विहीर बळकावली हे कुणी ओरडून सांगतं का? आशागडच्या एकाला सांगावं लागलं. चहावाल्यानं ऐकलं, शिपायानं ऐकलं, संध्याकाळपर्यंत भावानंही ऐकलं, आणि डोकी फुटायचीच काय ती बाकी राहिली. त्यानंतर लोक बाबांकडे येईनासे झाले. ते सकाळी दौत मांडून बसायचे आणि संध्याकाळी तशीच भरलेली घरी आणायचे. जेवताना मान वर करायचे नाहीत. मला ते बघवत नव्हतं.

मुंबईत कानाचं यंत्र मिळायचं, पण आमच्या ऐपतीबाहेरचं. म्हटलं, आपण करू! आवाज पकडणारा एक भाग, तो वाढवणारे तीन ट्रान्झिस्टर, कानात घालायची गोळी आणि एक सेल. यात काय मोठंसं आहे? ट्रान्झिस्टर तेव्हा नवीनच होते, शेंगदाण्याएवढे. मुंबईहून सामान आणलं आणि जेवायच्या पाटावर लांब लांब मांडून एकेक भाग जोडला. प्रत्येक वेगळा तपासला, मगच पुढचा. शेवटी गोळी बाबांच्या कानात घातली. आई मोरीत भांडी घासत पुटपुटत होती.

बाबा ताडकन म्हणाले, "मी बहिरा झालो म्हणून काहीही बोलतेस होय गं?"

आईच्या हातातलं पातेलं खाली पडलं. आम्ही तिघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

पण पाट डोक्यावर घेऊन कचेरीत जाणार कसं? बाबांनी बजावलं होतं, "खिशात मावलं पाहिजे. गळ्यात पेटी अडकवून नंदीबैलासारखा मी बसणार नाही." म्हणून तो मेला पानाचा डबा. पाटावर वीतभर अंतर राखून बसलेले भाग मी त्यात एकमेकांना खेटून बसवले, सेल जोडला, आणि गोळी अशी काही किंचाळली की बाबांनी ती कानातून उपटून काढली.

"गाडी आली वाटतं स्टेशनात," आई म्हणाली.

"आई, गप्प बस!"

पाटावर काढलं की शहाण्यासारखं चालायचं. डब्यात घातलं की शिट्टी. पुन्हा काढा, पुन्हा जोडा. एकेकटा प्रत्येक भाग चांगला, कुणाचाच दोष नाही, मग राग तरी कुणावर काढायचा? शेगडीवर तापवलेल्या लोखंडानं कथलाचा डाग देताना एक ट्रान्झिस्टर जळाला, तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून भोकाड पसरलं. नवा आणायचा म्हणजे परत मुंबई. शाळेतले एक गुरुजी म्हणाले, "बाई, लोणच्याचं काम नाही हे." त्यांना काय उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

गोम कुठं आहे ते मला कळत होतं. शेवटी वाढलेला मोठा आवाज पहिल्या भागात परत शिरत होता, तिथून पुन्हा वाढून येत होता. शिवाय एकाच सेलवर सगळे जगणार, तिथंही ओढाओढ.

"दोघी जावा एका चुलीशी बसवल्यास, आणि म्हणतेस भांडू नका," आई म्हणाली. या खेपेला मी तिला गप्प केलं नाही.

सगळं उचकटलं. आवाज पकडणारा भाग डब्याच्या एका टोकाला, शेवटचा ट्रान्झिस्टर पार दुसऱ्या टोकाला. मध्ये पितळेचा पत्रा उभा करून डब्यालाच डागला. पहिल्या भागाच्या सेलच्या वाटेवर, ती ओढाओढ थोपवायला, एक छोटा कंडेन्सर बसवला. झाकण लावलं. मुकाट! मला खरंच वाटेना. दोनदा झाकण उघडून पाहिलं.

सुट्टीच्या दिवशी मी बाबांबरोबर चिंचेखाली जाऊन बसले. झरीची एक बाई आली, पूर्वी नेहमी येणारी. समोर बसली, तोंड उघडलं आणि तिला बाबांच्या कानातली तार दिसली. ती खिशात जाते हे दिसलं. तिनं एकदा कचेरीच्या भिंतीकडं पाहिलं.

"ही तार कुठं जाते?"

बाबांनी तिच्या बोलीत समजावलं. ती मान हलवत राहिली, पण तिचा विश्वास बसेना. उठायलाच लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एवढा जीव काढला, तो ह्यासाठी? पाड्यांवरच्या लोकांनी कचेरीचा काय कमी जाच सोसला होता, तिचं चुकत नव्हतं, हे कळूनसुद्धा मला राग आवरेना.

बाबांनी गोळी स्वतःच्या कानातून काढली, धोतराला पुसली आणि तिच्या हातात दिली. तिनं भीतभीत कानात घातली. मग बाबा डबा तोंडाशी धरून अगदी हळू काहीतरी बोलले. ती दचकली, आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. गोळी परत दिली, डबा मात्र स्वतःच्याच हातात घेतला. ओठांशी नेला आणि बोलायला लागली.

मी हातभर अंतरावर होते. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

"बाबा, येतंय ना नीट?" मी विचारलं.

त्यांनी कपाळाला आठी घातली. "तू अजून इथंच? जा घरी. बाईंना बोलायचंय."

मी फणकाऱ्यानं चपला पायात सरकवल्या. फाटकापाशी वळून पाहिलं तर बाबा दौतीत टाक बुडवत होते, आणि चहावाला किटली हातात तशीच धरून, मान लांब करून, कान देऊन उभा होता. त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.