अमेरिकेचा गॅलन

प्रभाकर मुंगी यांना उज्जैनच्या मिलमध्ये पस्तीस वर्षं ‘रंगमास्टर’ म्हणत. मिल बंद पडली, तेव्हा रंग गेला आणि नुसते मास्टर उरले. मग देश खुला झाला, देवास रोडवरच्या एका शेठला अमेरिकेला चादरी पाठवायची हौस आली आणि चौऱ्याण्णव साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, प्रभाकरराव पुन्हा रंगाच्या हौदापाशी उभे राहिले.

अमेरिकेहून कापडाच्या बारा रंगीत तुकड्यांचं पाकीट आलं; पहिला निळा, सोबत कृतीचा कागद. एक गॅलन पाण्याला तीन औंस रंग. वर चिमूटभरही घालायचा नाही. प्रभाकररावांनी तोंडीच हिशेब केला: साडेचार लिटरला पंच्याऐंशी ग्रॅम. कापड बुडवलं, वाळवलं. फिकं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तरी फिकंच.

“बुरा मत मानना, मास्टरजी,” शेठ म्हणाला. “उमर हो गई. रंग तौलते वक्त आपको काँटा ही नहीं दिखता. सोमवार को आखरी बार कर लो. इंदौर का केमिस्ट बुला रखा है.”

डोळे गेलेल्या रंगमास्टरला घरीच बसायचं असतं. रविवारी दुपारी माधव नगरातल्या घरी ते ताटावर नुसते बसून होते. पत्नी रजनीबाई शाळेत गणित शिकवत. त्या पेपर तपासत होत्या.

“अहो, जेवा नं. तो निळा काही वरणात उतरायचा नाहीये.”

“काटा नीट दिसतो गं मला.”

“मग हिशेब दाखवा.” त्यांनी कृतीचा कागद घेतला, प्रभाकररावांनी हिशेब तोंडी सांगितला आणि लाल पेन थांबलं. “गॅलनचे साडेचार लिटर कुठून आणले?”

“मिलमध्ये हेच चालायचं. साहेबांच्या वेळेपासून.”

“ते साहेब विलायतेचे. ऑर्डर अमेरिकेची आहे नं?” त्यांनी लॉग टेबलच्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. तिथे दोन गॅलन एकाखाली एक होते. विलायती ४.५४६ लिटर, अमेरिकी ३.७८५.

म्हणजे दर गॅलनमागे पाऊण लिटर पाणी जास्त. प्रभाकरराव पानाकडे बघत राहिले.

“एवढा मोठा देश,” ते म्हणाले, “आणि गॅलन एवढुसा!”

“जेवा आता.”

सोमवारी पाणी कमी घेतलं. कापड वाळलं आणि तुकड्याशेजारी ठेवलं, तर आपलं कुठलं आणि अमेरिकेचं कुठलं ते कळेना.

“वाह! नया चश्मा लिया क्या?” शेठने विचारलं.

हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता.

“नहीं शेठजी. काँटा पहले भी दिखता था. हिसाब मेरा गलत था. इनका गॅलन छोटा है.”

शेठने जरा विचार केला. “मतलब आँखें ठीक हैं?”

“एकदम.”

“तो रंग आप देखो. हिसाब इंदौरवाला करेगा.”

पस्तीस वर्षं तोंडी हिशेब करणाऱ्या माणसाला हे लागायला हवं होतं. पण प्रभाकरराव इतके थकले होते, की त्यांना बरंच वाटलं. पाकिटात अजून अकरा रंगांचे तुकडे होते. त्यातला तांबडा काढून ते दारातल्या उन्हाकडे निघाले.