‘व्हय’ म्हणेपर्यंत : सातारा ते सांगली, एका पटासाठी

“यंदाचा डाव घड्याळावर खेळायचा,” असा निरोप सांगलीहून आला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याला शाळेत गणित शिकवत होते आणि स्वभावाने पहिल्यापासून संशयी होते.

माझे वडील, दादा, आणि सांगलीचे बाळूकाका एकाच पलटणीतले. शांतिसेनेतून गाझाला गेले असताना तिथल्या चहाच्या दुकानात दोघं ‘टावला’ शिकले. दोन फासे, प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या. फाशांच्या दानाप्रमाणे त्या आपल्या घरात आणायच्या आणि मग पटावरून उचलायच्या. ज्याच्या आधी संपतील तो जिंकला. येताना दोघांनी मिळून एक कोरीव पट आणला. तेव्हापासून वर्षातून एकदा सामना व्हायचा आणि जिंकणाऱ्याच्या घरी पट वर्षभर राहायचा. बरीच वर्षं तो आमच्याकडेच होता. दादांची रोजची संध्याकाळ त्या पटावर जायची, एकट्याने दोन्ही बाजू खेळत. तो गेला तर दादा संध्याकाळी काय करणार, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

आणि आता हे घड्याळ! सांगली म्हणजे बुद्धिबळाचं गाव, तिथल्या पोराटोरांनाही दोन तबकड्यांचं घड्याळ ठाऊक. चाल झाली की आपलं बटण दाबायचं, म्हणजे समोरच्याचा वेळ सुरू. वेळ संपला की तांबडी झेंडी पडते आणि जिंकत आलेला डावही हातचा जातो. बाळूकाकांनी हे उगाच काढलं नसणार, असं मी धरून चालले.

मग मी दादांची शिकवणी घेतली. कोण पुढे आहे ते बघायला प्रत्येक सोंगटीची घरं मोजत बसायचं नाही. दहा-दहाच्या जोड्या लावायच्या. दोन्हीकडे सारखं असेल ते सोडून द्यायचं, फक्त फरक धरायचा. आणि मोजायचं ते समोरच्याचं घड्याळ चालू असताना. “म्हंजे त्येच्या वेळात आपलं काम. लय चलाख हायेस,” दादा म्हणाले.

रविवारी पहाटेच्या एस.टी.ने निघालो. हल्लीचा रुंद महामार्ग डोळ्यांसमोर आणू नका. तेव्हा समोरून उसाची गाडी आली की बस खाली मातीत उतरायची. कराडला गाडी बराच वेळ थांबते. तिथली कांदाभजी जरूर खा, पण समोर तळलेलीच घ्या. मला आधीची गरम करून देत होते, मी परत केली. पुढे इस्लामपूर, आष्टा आणि दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. पट दादांच्या मांडीवर होता, कंडक्टरला त्यांनी तो टपावर टाकू दिला नाही.

कृष्णेवरचा पूल ओलांडून दुपारी बाळूकाकांच्या घरी पोचलो. काकूंनी भडंग आणि चहा दिला. शेजारचे मास्तर घड्याळ घेऊन बसलेच होते. मी माझं मनगटी घड्याळ लावून दोन्ही तबकड्या तपासल्या. मास्तरांना राग आला, पण तबकड्या बरोबर होत्या.

तीन डाव ठरले. पहिल्यात दादा मोजणीत पुढे होते आणि तरीही त्यांचीच झेंडी पडली. कसं ते मी पाहत होते. या दोघांची पलटणीपासूनची रीत अशी की चाल झाली की “व्हय?” विचारायचं आणि समोरच्याने “व्हय” म्हटल्याशिवाय फासे उचलायचे नाहीत. दादा विचारत आणि उत्तर येईपर्यंत बटणाला हात लावत नसत. बाळूकाकांचं “व्हय” यायला युगं लागत. ते विचारत तेव्हा मात्र दादा तत्काळ “व्हय” म्हणत.

“काका, तुमची तपासणी दादांच्या वेळात चाललीय,” मी सरळ बोलले. “ते व्हय बंद करा.”

“पोरगी वकील व्हायला पायजे हुती,” काका हसले. “चल गड्या, व्हय बंद.”

दुसरा डाव दादांनी झपाट्याने जिंकला. तिसऱ्यातही त्यांच्या मोजक्याच सोंगट्या उरल्या आणि हाताशी वेळ चांगला होता. तेवढ्यात काकांनी भलतीच सोंगटी उचलली.

“काका, ती दादांची आहे!” मी ओरडले. चोर पकडल्याचा आनंद झाला होता मला.

काकांनी सोंगटी डोळ्यांजवळ नेली, मग चाचपडत परत ठेवली. बोटं पटाच्या कोरीव घरांवरून फिरली.

“दिसंना व्हय रं?” दादांनी हळूच विचारलं.

“डोळं लौकर दमत्यात, गड्या. डाव लांबला की समदं धुरकट. म्हणून तर घड्याळ म्हणालो. पट घरी असता तर बोटांनी शिकलो असतो.”

काकांनी आपली चाल पुरी केली. दादांनी फासे टाकले, सोंगट्या उचलल्या. आता उरल्या दोन. पुढचं कुठलंही दान चाललं असतं. बटण दाबायचं सोडून त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि विचारलं, “व्हय?”

काका बोटांनी घरं मोजू लागले. मी दादांना डोळ्यांनी खुणावलं, घसा खाकरला. दादा भिंतीकडे बघत होते आणि वेळ त्यांचाच जात होता. झेंडी पडली. काकांना ती दिसली नाही, मास्तरांनी सांगावं लागलं.

परतीच्या गाडीत दादांची मांडी रिकामी होती.

“मुद्दाम हरलात ना?”

“घड्याळ लय जोरात पळालं, पोरी.”

“दादा, मी बघत होते.”

“व्हय आल्याबिगर फासं उचलायचं नसत्यात,” एवढंच म्हणून त्यांनी डोळे मिटले. मला त्यांचा राग आला आणि तितकीच मायाही दाटून आली.

पट पुन्हा साताऱ्याला आला नाही. दादांनी जेवायच्या पाटावर खडूने घरं आखली, सोंगट्यांच्या जागी गणवेशाची जुनी बटणं ठेवली. संध्याकाळी एकटेच खेळत आणि प्रत्येक चालीनंतर समोरच्या रिकाम्या जागेला विचारत, “व्हय?” पहिले काही दिवस मी नुसतं ऐकलं. मग स्वयंपाकघरातून मीच “व्हय” म्हणू लागले, जरा उशिरानेच.