टेक्नोच्या कप्प्यातले सासरे

...तर डबा हातात तसाच धरून नाकेदाराची बायको दुकानाच्या दारातून म्हणाली, "अहो, बाबांची रेकॉर्ड इथं कशी?" काल इथवर आलो आणि मला जांभई आली. आज पुढचं सांगतो. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून येऊ या. गोष्ट काही कुठं पळून जात नाही.

नाकेदार म्हणजे माझ्या शेजारचा रेकॉर्डवाला. माझं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, त्याचं रेकॉर्डचं. मध्ये प्लायवूडची भिंत, तीही अशी पातळ की त्याच्याकडं ठेका सुरू झाला की माझ्याकडची घड्याळं खिळ्यावर माना डोलवायची. नाकेदार हे नाव पोरांनी पाडलेलं. जकातीच्या नाक्यावर ट्रक अडवतात तशी हा प्रत्येक रेकॉर्ड अडवायचा. तू कोण, कुठली, आईबाप कोण? मग तिला कप्पा मिळायचा. हाऊसचा वेगळा, टेक्नोचा वेगळा, इलेक्ट्रोचा आणखी वेगळा. माणसाऐवजी मशीन ड्रम वाजवतं असं ते नाचायचं संगीत तेव्हा नुकतंच आलं होतं. मी एकदा म्हणालो, "मला तर बाबा सगळं धप् धप् एकच वाटतं." तो रागावला नाही. म्हणाला, "आजोबा, मला पण सगळी घड्याळं टिक टिकच वाटतात."

डिस्कोवर मात्र त्याचा भारी राग. हाऊस हे डिस्कोचं लेकरू, इतकं तो नाइलाजानं मान्य करायचा. जन्मदाखलाच होता म्हणा ना. पण टेक्नो? टेक्नो स्वयंभू. टेक्नोच्या कप्प्यावर त्यानं लाल रंगात पाटी लावली होती: "या कप्प्यात डिस्कोचा थेंब नाही." दुकानात जमणाऱ्या पोरांच्या जत्थ्यात एक गॉगलवाला होता, हॉलमधल्या नाचांना रेकॉर्डी लावणारा. घरातसुद्धा गॉगल घालायचा, त्यामुळं दाराला धडकायचा. त्याचं म्हणणं उलटं. "अरे, मशीनला काय आई नसते? मशीनपुढं बसणारा माणूस लहानपणी काय ऐकत होता? डिस्कोच ना?" दर रविवारी दुपारी यावर रणकंदन. मी भिंतीला कान लावायचो नाही. भिंतच येऊन माझ्या कानाला लागायची.

आता नशिबाची गंमत पाहा. नाकेदाराचे सासरे, ज्यांना सगळे मास्तर म्हणायचे, ते उभं आयुष्य हॉटेलच्या डान्स फ्लोअरवर कीबोर्ड वाजवत आलेले. डिस्कोच्या भर दिवसांत. म्हातारपणी लेकीकडं राहायला आले. जेवताना टेबलाच्या कडेवर त्यांची बोटं आपोआप चालायची, आणि बोटं चालली की किस्सा यायचाच. त्यांच्या बँडचा ड्रमर स्टेजवरून पडला आणि त्याचा हात मोडला, हा त्यांचा लाडका किस्सा. पण तो कधी पुरा व्हायचा नाही. "आमच्या ड्रमरचा हात प्लास्टरमध्ये, आणि उद्या रेकॉर्डिंग..." इथवर आले की नाकेदार म्हणायचा, "बाबा, जेवताना डिस्को नको." मास्तर हसून म्हणायचे, "बरं जावईबापू, आमटी वाढा." तो किस्सा तसाच अर्धा राहिला, वर्षानुवर्षं.

आणि आता ती रेकॉर्ड. त्या काळी नाचाला रेकॉर्ड लावणाऱ्यांची एक रीत होती. चांगली रेकॉर्ड सापडली की तिचं लेबल पाण्यात भिजवून अंगठ्यानं खरवडायचं आणि वर कोरा पांढरा कागद चिकटवायचा. मागं उभ्या राहिलेल्या दुसऱ्या रेकॉर्ड लावणाऱ्याला नाव वाचता येऊ नये म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची! नाकेदारानं लग्नाआधी एका बंद पडलेल्या हॉटेलच्या भंगारातून अशी एक रेकॉर्ड उचलली होती. एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला नुसतं वाद्य: मशीनचा ठेका आणि खाली घोळणारा कीबोर्ड. लेबल धुतलं, कागद लावला, नाव विसरला. नाचात तो यंत्रावरची वेगाची पट्टी सरकवून ती चांगली जोरात पळवायचा. पोरं वेडी व्हायची. टेक्नोचा हा त्याचा हुकमी एक्का.

त्या रविवारी गॉगलवाल्यानं फारच डिवचलं. "एक तरी रेकॉर्ड दाखव, जिच्यात डिस्कोचा थेंब नाही. नाहीतर पाटी उतरव." नाकेदारानं ऐटीत हुकमी एक्का काढला. त्याचं वेग वाढवायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं, म्हणून दुकानातल्या साध्या यंत्रावर लावली. तिथं ती आपल्या मूळ संथ वेगानं वाजली. पोरं म्हणाली, "आज जरा आळसावलीय का रे?" आणि तेवढ्यात डबा घेऊन बायको आली. मागं मास्तर. आणि ती म्हणाली ते मी सांगितलंच.

गॉगलवाल्यानं गॉगल वर केला. त्याचे डोळे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. "कुणाचे बाबा, वहिनी?"

"माझे. आमच्याकडं ही रेकॉर्ड होती, घर बदलताना फुटली. लहानपणी ही ऐकतच झोपायचे मी."

नाकेदारानं मला पुढं सांगितलं, की त्याच क्षणी त्याला ते लेबल आठवलं. हिरवं होतं. त्यावर हॉटेलचं नाव आणि खाली बारीक अक्षरात बँडमधल्यांची नावं. त्याच्याच अंगठ्याखाली ती लगदा होऊन बेसिनमध्ये गेली होती. सगळं कळलं. आणि तरी तोंडातून काय बाहेर पडलं? "काहीतरीच काय! ही ती नव्हे. तू ऐकण्यात चुकतेस."

बायको बापाकडं वळली. "बाबा, तुम्ही सांगा."

मास्तरांनी जावयाकडं पाहिलं. त्या लाल पाटीकडं पाहिलं. यंत्रावर त्यांचाच डावा हात घुमत होता. आणि ते म्हणाले, "नाही गं. माझी नव्हे. आमच्या बँडला ड्रमर होता. यात कुठाय ड्रमर?"

गॉगलवाला हरला. पाटी राहिली. पोरांनी नाकेदाराच्या पाठीवर थापा मारल्या. भिंतीच्या फटीतून मला त्याचा चेहरा दिसत होता. जिंकलेला माणूस इतका मेल्यासारखा मी दुसरा पाहिला नाही.

घरी बायको भांडली असती तर बरं, असं तो म्हणायचा. ती भांडली नाही. ताट ठेवताना एवढंच बोलली, "या वयात माझ्या बापाला खोटं बोलायला लावलंत." आणि मास्तर पूर्वीसारखेच हसत होते, "जावईबापू, पाणी द्या" म्हणत होते. फक्त जेवताना डावा हात मांडीवर. टेबलावर बोटं चालेनात. नाकेदार मुद्दाम विचारायचा, "बाबा, तो तुमचा ड्रमर..." तर ते म्हणायचे, "कुठला ड्रमर? जाऊ द्या हो, जुनी गोष्ट." माझ्या दुकानात येऊन तो स्टुलावर बसायचा आणि हातातल्या घड्याळाचा पट्टा उगाच काढघाल करायचा. "आजोबा, चोरी केली असती तर माल परत करता आला असता. हे कसं परत करू?" मी म्हणालो, "जिथं हरवलं तिथंच शोधतात बाबा." हे मी शहाणपणानं म्हणालो नाही, तोंडाला आलं ते बोललो. पण त्याला लागलं.

पुढं रेडिओवाले आले. आपल्या शहरात हे नाचाचं संगीत कसं आलं यावर कार्यक्रम करायचा होता. दुकानात माइक लागला, सगळा जत्था जमला, गॉगलवाला दाराला धडकून आत आला. नाकेदारानं मास्तरांनाही आणवलं. ते नको नको म्हणत होते, आले ते माझ्या दारातच उभे राहिले. "मी इथूनच ऐकतो, घड्याळाला चावी द्यायचीय." मी म्हणालो, "मास्तर, चावी मी देतो, तुम्ही आत व्हा." हाताला धरून आत नेऊन बसवलं.

रेडिओवाली मुलगी हुशार होती. ती कोऱ्या कागदाची रेकॉर्ड ऐकून तिनं विचारलं, "सगळे सांगतात की आपल्याकडचं पहिलं टेक्नो म्हणजे हे. पण कुणी केलंय हे कुणालाच माहीत नाही. तुम्हाला माहितीय? आणि खरं सांगा, हे नक्की कुठल्या कप्प्यातलं?"

नाकेदाराचे कान लाल झाले. मास्तरांनी हळूच मान हलवली, नको म्हणून. गॉगलवाल्याच्या ओठांवर हसू फुटत होतं, ते त्यानं आवरलं. नाकेदारानं माइक जवळ ओढला. तो बोलला ते मी जसंच्या तसं सांगतो:

"कप्प्याचं मला विचारू नका, मला त्यातलं काही कळत नाही. वाजवलंय यांनी, माझ्या सासऱ्यांनी. लेबल मी धुतलं. याच दुकानात ते 'माझी नव्हे' म्हणाले, ते मी खोटा पडू नये म्हणून, आणि मी त्यांना तसं म्हणू दिलं. बाबा, त्या ड्रमरचा हात कसा मोडला आणि त्याच्या जागी हे मशीन कसं आलं ते सांगा यांना. पहिल्यापासून सांगा. मी मध्ये बोलणार नाही."