मागचा दोर

कांद्याचं पोतं खांद्यावर असताना माझ्या नवऱ्याचा पाय आमची बोट आणि नौदलाचं जहाज यांच्यामध्ये चिरडला. माझा भाऊ त्याला ओढायला वाकला. पुढच्या लाटेला तोच खाली गेला. दोघं जहाजाला भाजीपाला पोचवायला समुद्रात गेले होते.

त्यानंतर नवरा कोपरीच्या घरात लंगडत राहिला. त्या दिवसाचं मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. सगळे समुद्राला दोष द्यायचे. मीही दिला.

आता मुलगी डोंबिवलीच्या कारखान्यात बोट बनवते. जहाजांना सामान नेणारी, पण आत माणूस नाही. समुद्रातल्या चाचणीच्या आधी एका रविवारी ती घरी आली आणि मोबाइलवर आम्हाला बोट दाखवायला लागली. खाडीत झकास चालली होती. जहाजाला लागली की आपोआप दोन दोर अडकवायची, पुढे एक, मागे एक. मी म्हटलं, माणूसच नाही तर डबा कुणाला द्यायचा? मुलगी हसली. नवरा हसला नाही.

त्यानं कपडे भिजवायचा टब मागितला. पाणी भरून मधे मोठं पातेलं ठेवलं. एक वाटी सोडली, ती पातेल्याला पुढून-मागून दोऱ्यानं बांधली आणि टब हलवला. वाटी पातेल्यावर आपटत राहिली, भरली, बुडाली. मग फक्त पुढून बांधली. आता ती लाटेबरोबर लांब जायची, परत यायची, पण बुडाली नाही.

"खाडीत मागूनही बांधतात, नाहीतर भरती बोट फिरवते," तो म्हणाला. "समुद्रात फक्त पुढून. मला ठाऊक होतं. पण हाताला खाडीची सवय. मागचा दोर मी बांधला होता."

बोलला मुलीसमोर, पण बघत माझ्याकडे होता.

मी टब मोरीत उपडा केला. पातेलं घासलं. मग रोजच्यासारखी त्याच्या पायाला तेल लावायला बसले.

"आधी सांगायचं," मी म्हटलं.

"तू माहेरी गेली असतीस."

गेलेच असते. तेल जिरेपर्यंत चोळत राहिले.

मुलीनं मागचा दोर काढून टाकला. चाचणीला समुद्र खवळलेला होता. बोट जहाजाला लागली, सामान दिलं, परत आली.

आमच्या बोटीवर तेव्हा दोघं होते. नवरा वाचला. भाऊ नाही.