हाइलमधले दोन डझन बीव्हरचे सापळे

सौदीतल्या हाइलमध्ये बीव्हर नाही. कधी नव्हता आणि कधी असणारही नाही, कारण बीव्हरला नदी लागते, आणि हाइलला पाणी दिसतं ते पंपाच्या तोंडाशी. तरीसुद्धा बीव्हर पकडायचे दोन डझन लोखंडी सापळे त्या शहरातल्या एका दुकानात होते. ते मागवणारा शहाणा मी.

दुकान शेतीच्या सामानाचं. पंप, पाइप, जाळ्या, तार, फावडी, सापळे. मी रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा, आणि अकरा वर्षं त्याच काउंटरमागे उभा होतो. गिऱ्हाईक दारात शिरलं की त्याच्या चपलेची माती बघून मी ओळखायचो, ह्याला काय हवंय. निदान माझा तसा समज होता, आणि तो चारचौघांत बोलून दाखवायला मी कधी लाजलो नाही.

मग निताकतचे दिवस आले. काउंटरवर सौदी माणूसच हवा, असा नियम निघाला. आमचा कफील, म्हणजे दुकानाचा मालक, तसा वाईट नव्हता, पण सरकारी कागद बघितला की त्याला घाम फुटायचा. जूनमधल्या एका सकाळी तो एका दाढीवाल्या गृहस्थांना घेऊन आला. फौजेतून निवृत्त झालेले, पन्नाशी उलटलेले, काखेत कॉफीचा थर्मास.

"ह्यांना सगळं दुकान शिकव," कफील मला म्हणाला. "सहा महिन्यांत. मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय ते आम्हा परदेशी माणसांना बरोबर कळतं. इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, पुढे वाढणार नाही, खलास, बॅग भर. मला डिसेंबरचं भ्या नव्हतं, मार्चचं होतं. माझी मुलगी त्या वर्षी दहावीला होती, तिथल्या इंडियन स्कूलमध्ये. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. डिसेंबरात आम्हाला निघावं लागलं असतं तर पोरीचं अख्खं वर्ष पाण्यात गेलं असतं.

मी ठरवलं, ह्या कफीलला दाखवून द्यायचं की माझ्यावाचून दुकानाचं पान हलत नाही. संधीही चालून आली. त्या उन्हाळ्यात जो तो शेतकरी एकच रडगाणं घेऊन यायचा: खजुरीच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या कोणीतरी कुरतडतंय आणि बांधाला बिळं पाडतंय.

आता मला सांगा, खाडीकाठच्या माणसाला हे ऐकून दुसरं काय सुचणार? आमच्याकडे खारजमिनीचा बांध फुटला की सगळा गाव एकच नाव घेतो: घूस. बांध पोखरते ती घूस, कुरतडते ती घूस. मी परदेशी कॅटलॉग उघडला आणि पान उलटताच समोर हजर! लठ्ठ अंग, मिशा, हे एवढे पिवळे दात, शेजारी कुरतडून पाडलेलं झाड. म्हटलं, घूसच ही. अमेरिकेतली आहे, दूधतूप खाऊन माजलीय.

त्या चित्राखाली पाय पकडणारे सापळे नंबराप्रमाणे मांडलेले होते. मी दोन दिवस लावून निवड केली. लहान नंबर बाद, मोठी घूस तो घेऊन पळेल. एका स्प्रिंगचा बाद, दोन स्प्रिंगांचा घ्या. साखळी आखूड नको. जबडा जेवढा रुंद तेवढा बरा. सगळ्यात मोठा नंबर निवडला आणि कोणाला न विचारता दोन डझनांची ऑर्डर ठोकून दिली.

खोकं आलं. एक सापळा मी मुलीला दाखवायला घरी नेला, सोबत कॅटलॉगही. तो जमिनीवर उघडून ठेवला तर आमची जेवणाची ताटली त्यात बसेल एवढा त्याचा जबडा.

मुलीनं चित्र बघितलं आणि म्हणाली, "अब्बा, ये घूस नहीं है. बीव्हर है. कॅनडामें रहता है, पानीमें." मग तिनं चित्राखालचं इंग्रजी वाचून दाखवलं. सापळा नदीच्या काठाला, पाण्याखाली लावायचा. पकडलेला बीव्हर खोल पाण्यात जाईल अशा बेतानं साखळी बांधायची.

बायकोनं तोंडात ओढणी कोंबली, तरी हसू आवरेना. "मग आता आधी एक नदी मागवा," ती म्हणाली.

मी चिडलो. अकरा वर्षांचा अनुभव आणि पोरीनं दोन मिनिटांत तोंडात मारावी! पण चिडून काय करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. खोकं मी पाइपांच्या वेटोळ्यामागे ढकललं आणि वर जाळी टाकली.

आठवड्याभरात नव्या गृहस्थांनी ते शोधून काढलं. मी त्यांना चाचा म्हणायचो, ते मला उस्ताद म्हणायचे. "उस्ताद," त्यांनी विचारलं, "हे कशासाठी?"

आता उस्तादाला 'माहीत नाही' म्हणता येतं होय? "कोल्ह्यासाठी," मी ठोकून दिलं. "मोठा जबडा असला की कोल्ह्याला निसटायला जागा राहत नाही. दोन स्प्रिंगा असल्या की ताकद दुप्पट. साखळी लांब, म्हणजे कोल्हा दमतो." एकदा तोंड सुटलं की मला थांबता येत नाही. चाचा मान डोलवत ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "वल्लाह?"

त्यानंतरच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर त्यांनी मला गाडीत घातलं आणि शहराबाहेर एका बागेत नेलं. बागवाल्याच्या नळ्याही कोणीतरी कुरतडत होतं. चाचा उकिडवे बसले, ओल्या मातीवर दोन बोटं टेकवली आणि मला पाऊल दाखवलं. "हा तुझा नळीचोर. कोल्हा. दात शिवशिवतात म्हणून नाही, तहान लागते म्हणून नळी फोडतो. बिळं दुसऱ्याची, जर्बोआची, उड्या मारणाऱ्या वाळवंटी उंदराची. तो मुठीएवढा असतो."

मग त्यांनी मला सापळा निवडायला शिकवलं. आधी पाऊल मोजायचं, बोटांनी. जबडा पावलाच्या दुप्पट, फार तर थोडा जास्त. मोठ्या जबड्यात पाय वर सापडतो आणि हाड मोडतं. दोन जबड्यांत मिटल्यावरही थोडी फट राहायला हवी. मधली तबकडी अंगठ्यानं दाबून बघायची. इतकी हलकी नको की जर्बोआ चालला तरी खटका पडावा. साखळीत फिरती कडी हवीच, नाहीतर जनावर गरगर फिरून पाय पिळून घेतं. हे सगळं शिकायला त्यांना शाळा लागली नव्हती, बापाच्या मागे वाळवंटात फिरून शिकले होते.

मी अकरा वर्षं सापळे विकले आणि एकदाही लावला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना गाडीत मी सगळं ओकलो: घूस, कॅटलॉग, नदी, मुलीची दहावी, मार्च. चाचा इतके हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली. पण दहावीचं ऐकल्यावर हसणं थांबलं, आणि त्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मी मनात म्हटलं, झालं, पायावर धोंडा मारून घेतलास. आता ह्यांना दुकानही येतं आणि तुझं बिंगही माहीत आहे.

डिसेंबर उजाडला. कफील वर्षाचा माल तपासायला आला आणि थेट पाइपांच्या वेटोळ्याशी जाऊन उभा राहिला. खोकं निघालं. त्यानं एक सापळा दोन्ही हातांनी वर धरला. तोही हाइलच्याच मातीतला, अशा वस्तू ओळखणारा. माझी पाचावर धारण बसली.

"हे काय? कोणी मागवलं?"



"मी," चाचा म्हणाले. "कोल्ह्यासाठी."

"कोल्ह्यासाठी?"

"हो. मोठा जबडा असला की कोल्ह्याला निसटायला जागा राहत नाही. दोन स्प्रिंगा असल्या की ताकद दुप्पट. साखळी लांब, म्हणजे कोल्हा दमतो."

शब्द न शब्द माझाच. आणि बोलणारा तो माणूस, ज्याच्या बापानं त्याला चालायला शिकवतानाच पावलं वाचायला शिकवली होती. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, सगळी त्यांच्या ओळखीची. कफील पोट धरून हसायला लागला, गिऱ्हाइकंही हसली. "अहो, सहा महिने झाले! वाळवंटात जन्मलात आणि कोल्ह्याला उंटाचा सापळा? उस्ताद, ह्यांना काही शिकवलंस की नाही?"

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, मी सांगणार होतो की चूक माझी आहे. पण चाचांनी मला बोलूच दिलं नाही. "त्यानं खूप शिकवलं," ते म्हणाले. "माझ्याच डोक्यात राहत नाही."

कफीलनं डोळे पुसले. "मग डोक्यात राहीपर्यंत हा इथंच राहील. ह्याचा इकामा वाढवा म्हणून मी उद्याच सांगतो," असं म्हणून तो गेला.

मला रडू आलं. मी तोंड फिरवून उगीच जाळ्यांच्या घड्या घालायला लागलो. त्या माणसानं आपली अब्रू चारचौघांत माझ्यासाठी उतरवून ठेवली होती, आणि मी सहा महिने त्यांच्याकडे माझी जागा खायला आलेला माणूस म्हणून बघत होतो. त्यांनी थर्मास उघडला, दोन फिंजानांत कॉफी ओतली आणि एक माझ्यापुढे सरकवली.

"परीक्षा कधी संपते पोरीची?"

"मार्चअखेर," मी म्हणालो.

"मग मार्चअखेरपर्यंत मला काही येत नाही."

आणि शब्द पाळला त्यांनी. जानेवारीत कफील दुकानात शिरला की चाचा हातोडी उचलायचे, उलटीसुलटी करून बघायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचे, "उस्ताद, हे कशाला वापरतात?"