काकांच्या बॅगेतला काळा पाउच

गेलं वर्षभर मी एका गेलेल्या माणसावर आळ राहू दिला आणि तोंड उघडलं नाही.

आज विद्याधरकाकांचं वर्षश्राद्ध झालं. गाझियाबादला, त्यांच्या घरी. तिथून आले आणि सरळ लिहायला बसले.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेले, साठी उलटलेली, आणि लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं वेड. माझे नात्याने कुणी नव्हेत. मी दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन पीएचडी करत होते, तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि मी त्यांच्या तावडीत सापडले.

माझी सायकल त्यांनीच निवडली. मला हवी होती हलकी, चकचकीत, ॲल्युमिनियमची. झंडेवालानच्या दुकानात काकांनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि एकेका फ्रेमला लावत सुटले. जिला चिकटलं ती माझ्यासाठी बाजूला.

"स्टील घे. मोडलं तर रस्त्यावरचा कुठलाही वेल्डर जोडून देईल. ॲल्युमिनियमला कोण हात लावणार?"

"काका, जड आहे यार."

"सायकल जड नसते गं. तुम्ही लोक तिच्यावर काय लादता, ते जड असतं."

सामानाच्या बाबतीत तर काका म्हणजे जमदग्नी. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे तपासणी. प्रत्येकाची बॅग दुसऱ्याने उघडायची, मालकाने भिंतीकडे तोंड करून बसायचं, आणि दुसऱ्याने न विचारता तीन वस्तू बाहेर काढायच्या. पाउच, डबे उघडून बघायचे नाहीत. उघडलं की दया येते, म्हणे.

काढलेलं सामान दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर. त्यावर चर्चा नाही.

गेल्या वर्षी आम्ही तिघं निघालो होतो. काका, मी, आणि मानेसरला गाड्यांच्या पार्ट्सच्या कारखान्यात काम करणारा मनीष. ऋषिकेश, तिथून वर चंबा.

काकांची बॅग माझ्या वाट्याला आली.

त्याच्या अर्धा तास आधी त्यांनी मला मनीषसमोर झापलं होतं. टायर अरुंद आहेत, लोड घेऊन घाटात चालणार नाहीत, आत्ताच्या आत्ता बदल. बरोबरच होतं त्यांचं. म्हणून जास्त झोंबलं.

बॅगेच्या तळाशी एकसारखे दोन काळे पाउच. एकात ट्यूब लागली हाताला, म्हणजे पंक्चरचं किट. दुसराही तसलाच असणार. मला एक किट पुरे म्हणतात आणि स्वतः दोन नेतात? बरे सापडलात.

काढला.

तिसऱ्या दिवशी सकाळी, नरेंद्रनगरच्या चढावर काका थांबले.

काका चढावर कधी थांबत नसत. सायकल तशीच आडवी पडू दिली आणि कठड्यावर बसले. थंडीत कपाळावर घाम.

"गौरी, मागच्या बॅगेत तळाशी काळा पाउच आहे. त्यात जिभेखाली ठेवायची गोळी आहे. पटकन दे."

त्यांना हार्टचा त्रास आहे हे आम्हा दोघांना माहीतच नव्हतं. कळलं असतं तर आम्ही त्यांना येऊ दिलं नसतं, हे त्यांना माहीत होतं.

पाउच कुठे आहे ते मला त्याच क्षणी कळलं. तरी मी बॅग उपसत राहिले. रेनकोट, स्टोव्ह, कपडे, सगळं रस्त्यावर. वेळ चालला होता आणि मी शोधायचं नाटक करत होते.

"नाहीये काका."

"नीट बघ."

"नाहीये."

त्यांनी डोळे मिटले. "मग मीच विसरलो असेन," म्हणाले.

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. माझ्याच्याने बोलवलं नाही.

मनीष रस्त्याच्या मधोमध उभा राहून गाड्या थांबवत होता. दोन कार त्याला वळसा घालून निघून गेल्या. मग एक भाजीचा टेम्पो थांबला.

"काकाजी, आँखें खुली रखो. बस, पहुँच गए," मनीष सांगत होता. पोचलो कुठे होतो? मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन एकेक वळण मोजत होते.

हॉस्पिटलचं गेट दिसलं तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात सैल पडला होता.

डॉक्टर म्हणाले, गोळीने वाचलेच असते असं नाही. नसतेच वाचले असंही नाही.

मनीषने जे ऐकलं तेच सुलभाकाकूंना सांगितलं. काका खुद बोले, भूल गया. काकूंना पाउच कपाटावर सापडला, त्यामुळे त्यांनाही ते पटलं. आमचे नियम त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या लेखी तो सगळा खुळ्यांचा बाजार.

मग वर्षभर येईल त्याला काकू सांगत राहिल्या. "हे विसरायला लागले होते. गोळी मी स्वतः हातात दिली होती, तरी राहिली. मला आधीच कळायला हवं होतं. मी जाऊच द्यायला नको होतं."

आणि मी समोर बसून चहा पीत ऐकत राहिले. लाज वाटायची. पण भीती जास्त वाटायची.

आज पानं वाढताना पुन्हा तेच. नणंदेला सांगत होत्या. माझा वाढता हात थांबला. काकूंना स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि सगळं सांगितलं.

काकू ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, थोबाडीत देतील. द्यायला हवी होती.

"म्हणजे हे विसरले नव्हते."

"नाही, काकू."

"मी दिलेली गोळी त्यांनी नीट ठेवली होती."

"हो."

"आणि जाताना स्वतःलाच दोष देत गेले."



त्यांनी डोळे पुसले, बाहेर गेल्या आणि भरल्या पंगतीत म्हणाल्या, "ऐका. मी वर्षभर चुकीचं सांगत होते. हे गोळी विसरले नव्हते. ती दुसऱ्याच्या हातून बाहेर राहिली."

नणंदेने दोनदा विचारलं, कुणाच्या? काकूंनी सांगितलं नाही. निघताना माझ्याशीही बोलल्या नाहीत.

त्यांनी घेतलं नाही ते नाव मी इथे घेते. तो पाउच मी काढला. गौरीने.

काका, शेवटचा नमस्कार. माफी मागते. द्यायला तुम्ही नाही आहात, तरी मागते.