आमच्या खराट्यातला पॅसिफिक

टेक्सासमधल्या अर्विंगहून, मुलाच्या घरून निघताना गाडीच्या डिकीत सगळ्या बॅगांच्या वर एक खराटा होता. गुहागरच्या आमच्या वाडीतल्या माडांचा, सुमतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, स्वतः बांधलेला. विमानतळावरच्या तपासनिसानं तो दोनदा उलटसुलट करून परत दिला होता, तेव्हापासून हिची मान ताठ होती. परक्या खोलीत आधी झाडायचं, मगच जेवायला बसायचं, हा हिचा नियम अमेरिकेलाही लागू झाला होता.

२००५ सालचा मे महिना. आमच्या नितीनचं आर्कान्सा राज्यात आठवडाभराचं काम निघालं आणि त्यानं आम्हालाही सोबत घेतलं. "बाबा, तिकडे बघण्यासारखं काही नाही हं. नंतर बोअर झालं म्हणू नका," असं त्यानं आधीच बजावलं. टेक्सासचा सपाट माळ मागे पडला, ओक्लाहोमा लागलं, मग हिरव्या टेकड्या सुरू झाल्या. वाटेत दशम्या आणि लसणाची चटणी खाऊन संध्याकाळी स्प्रिंगडेलच्या मोटेलात उतरलो. इथून कुठल्याही बाजूला समुद्र फार लांब.

सकाळी खोली आवरायला आलेली बाई दाराआडचा खराटा पाहून थबकली. तिनं त्यातला एक हीर (माडाच्या पातीचा मधला कणा) बोटानं वाकवून पाहिला. आमच्या घरीही असाच असायचा, म्हणाली. घर कुठलं, तर पॅसिफिकमधली मार्शल बेटं.

मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. ही बेटं मी मुलांकडून नकाशात ठिपक्यांनी काढून घ्यायचो आणि ठिपका मोठा झाला तर गुण कापायचो. त्या ठिपक्यावरचं माणूस आता हातात टॉवेल घेऊन माझ्यासमोर उभं होतं. मला माझीच लाज वाटली.

तिचं नाव नेओमी. तिनं संकोचत आठ-दहा हीर मागितले. तिचे वडील आयझॅक शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये इथल्या मुलांना पहिल्यांदाच समुद्रात वाट शोधायचा काड्यांचा नकाशा शिकवणार होते, पण बेटावरून आणलेला नकाशा घर बदलताना चुरडला. बाजारातल्या बांबूच्या काड्या वाकवल्या की मोडत. म्हातारा हिरमुसला होता, कार्यक्रमच नको म्हणत होता. "ही मुलं इथंच जन्मली. आता शिकवलं नाही तर ही विद्या बाबांबरोबरच जाईल," नेओमी म्हणाली. सुमतीनं अख्खा खराटा उचलला आणि चपला घातल्या.

नेओमीच्या घरी आयझॅककाकांनी (सत्तरीच्या माणसाला मला नुसत्या नावानं हाक मारवेना) खराट्याचा वास घेतला. नेओमीनं खोबऱ्याच्या किसात घोळवलेले भाताचे गोळे दिले. ते संपवता संपवता हिनं मला मराठीत सांगितलं, की थोडा गूळ हवा होता. मग कोरडे हीर मोडतील म्हणून हिनं कोमट पाण्याची बादली मागवली.

हीर भिजेपर्यंत काका बोलत होते. त्यांची बेटं म्हणजे कंकणद्वीपं, मध्ये पाणी आणि भोवती पोवळ्याच्या जमिनीची बारीक कडी. त्यांना नाव मिळालं एका इंग्रज कप्तानाचं. "आजोबांनी जर्मनांसाठी खोबरं वाळवलं. वडील शाळेत जपानी शिकले. मी इंग्रजी," ते म्हणाले. मग अमेरिकेनं अणुबाँबच्या चाचण्या केल्या आणि काही बेटांवरच्या माणसांना घरं सोडावी लागली. आधीच्या जर्मन-जपानी साहेबांनी होड्यांनी बेटाबेटांवर हिंडायलाही मनाई केली होती. ही विद्या तेव्हा लपूनछपून टिकली.

बांधायला बसलो तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला. बेटं दाखवायला कवड्या होत्या. मी ॲटलास आठवून दोन कवड्या सरकवल्या आणि अंतरं बरोबर केली. काकांनी हसत त्या पुन्हा जागेवर आणल्या. "जमीन किती लांब आहे हे यात नाही. जमिनीपाशी लाट कशी वळते ते आहे. आणि हा होडीत न्यायचा नाही, पाठ करून घरी ठेवायचा." बत्तीस वर्षांत माझे गुण कुणी कापले नव्हते.

शनिवारी हॉल भरला होता. काकांनी नकाशा उंच धरला, मग मला मध्यभागी बोलावलं. "मास्तर, तुम्ही बेट व्हा." मी हात जोडून उभा राहिलो. मुलांच्या दोन रांगा चादरी लाटांसारख्या हलवत माझ्या दोन्ही बाजूंनी आल्या, मला वळसा घालून मागे एकमेकींत मिसळल्या. मग एका मुलीचे डोळे बांधले. ती हातानं चादर चाचपत दूरवरून निघाली, एकदा चुकली, परत फिरली. दोन लाटा भेटतात तिथे ती थांबली, सरळ माझ्याकडे चालत आली आणि माझ्या सदऱ्याला हात लावला. हॉल उठून उभा राहिला. काका रडत होते, मीही रडलो. काम सोडून आलेला नितीन मागून ओरडला, "बाबा, सॉलिड!"

निघताना हिनं उरलेला खराटा नेओमीच्या हातात दिला. अर्विंगला परतल्यावर मात्र ही तिथल्या दुकानातल्या झाडूला रोज नावं ठेवत होती.

महिन्याभरानं नेओमीचा फोन आला. मुलांनी स्वतः अकरा नकाशे बांधले होते. काका आता दर शनिवारी शिकवत होते. खराट्याची नुसती दोरी उरली होती. त्याबद्दल तिनं माफी मागितली. मी हिला सांगितलं.

"संपला ना?" ही म्हणाली. "तिला सांगा, वाडीत माड आहेत."